उद्या या टायमाच्या आत

वच्छलाबाई फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नसत. मी फोन उचलला की एकदम विचारत, "भाऊ, किती हायेत?" म्हणजे आमच्या भांडारात काविळीच्या लसीच्या शिश्या किती आहेत. मी आकडा सांगितला की दुसरा प्रश्न ठरलेला. "बरं. जेवले काय?" सकाळचे नऊ असोत की दुपारचे चार, हा प्रश्न यायचाच, आणि माझं उत्तर ऐकायच्या आत फोन बंद व्हायचा.

महाराष्ट्राला लागून असलेला आदिलाबाद जिल्हा अजून अखंड होता तेव्हापासूनची ही गोष्ट. मी लसीच्या भांडारात स्टोअरकीपर होतो. आजोबा निजामाच्या काळात महसुलात, वडील शाळाखात्यात, आणि मी इथे. आमच्या घरात सगळ्यांनी कागद नीट ठेवण्याचीच नोकरी केली. वच्छलाबाई बेज्जूरच्या पुढे, जंगलातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाची काही चूक नव्हती.

बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. बुटक्या, काळ्यासावळ्या. लसीच्या पेटीचा पट्टा वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर घेऊन तो खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला होता. समोरून चालत आल्या की कुणाशी तरी वाकून बोलत येताहेत असं वाटायचं. तेलुगू लोक त्यांना नर्सम्मा म्हणत, मराठी लोक नुसतं बाई. कुणाच्या घरी गेल्या की ओसरीवर बसत, पण चहा घेत नसत. "पहिले बाळाचं कार्ड, मंग चहा." कार्ड सापडेपर्यंत चहाला साय यायची. ती त्या बोटानं बाजूला सारत आणि गार चहा पिऊन टाकत.

त्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असे: बाळ जन्मल्यावरचे पहिले चोवीस तास. 'बी' नावाची कावीळ आईच्या रक्तातून बाळाला जन्मतानाच लागू शकते. बाळ हसतं, खेळतं, शाळेत जातं, काही दिसत नाही. मग तिशीच्या आसपास एखाद्याचं लिव्हर निकामी होतं आणि पोट फुगायला लागतं. पहिल्या चोवीस तासांत लस टोचली तर बहुतेक बाळं वाचतात. एवढं साधं ते आहे. बाळंतपण झालं की बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून घरच्यांना सांगत, "उद्या या टायमाच्या आत." दवाखान्यात बाळंतपण झालं तर त्याच टेबलावर टोचत. घरी झालं तर पेटी घेऊन निघत. एकदा एका सासऱ्यानं हात जोडून विचारलं होतं, "बाई, परवा या ना, उद्या आमच्याकडे पाहुणे हायेत." बाई म्हणाल्या, "पाहुण्याले बी सांगा, कावीळ परवापर्यंत थांबत नाई."

बसमध्ये पेटी मांडीवर असायची. त्या रस्त्यावरचा एक कंडक्टर रोज कटकट करायचा. "बाई, डब्बा बोनेटवर ठेवा. माणसं उभी हायेत." बोनेट म्हणजे ड्रायव्हरशेजारचं तापलेलं इंजिनाचं झाकण.

"तुह्या लेकराले ठेवतं काय बोनेटवर?"

"माह्यं लेकरू डब्ब्यात नाई बसत, बाई."

"याच्यात दहा लेकरं बसून राह्यली. हाफ तिकीट फाड पाहिजे तं."

बस हसली. कंडक्टरही हसला. एका शिशीत दहा बाळांची लस असते; तेव्हापासून तो पेटीला 'दहा लेकरं' म्हणायचा. "या, दहा लेकरं या, पुढं सरका!"

त्या भागात कावीळ उतरवणारे बरेच. एक म्हातारा मुळ्यांची माळ गळ्यात घालायचा. माळ दिवसादिवसानं लांबत जाते आणि कावीळ तिच्यातून उतरते, असा समज. दवाखान्यातले डॉक्टर त्याच्यावर चिडत. बाई त्याच्याशी भांडल्या नाहीत. एका बाजाराच्या दिवशी त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि सौदा केला. "आजा, तू माळ घाल. माह्यं काई म्हणनं नाई. पण पहिले रगत मले दे, मंग माळ तुही." म्हाताऱ्यानं विचारलं, "माह्या माळेनं उतरली तर नाव तुह्या रगताचं होईन ना?" बाई म्हणाल्या, "नाव तुहंच राहू दे. मले नाव कायले पाहिजे?" पुढची कितीतरी वर्षं तो म्हातारा माळ घालायच्या आधी माणसाला दवाखान्यात पिटाळायचा. बाईंनी ठेवलेल्या काविळीच्या यादीतली अर्धी नावं त्यानं आणलेली. शेवंताचं नावही त्यातलंच. शेवंता म्हणजे नदीकाठच्या गावातल्या एका कापूस-ज्वारीच्या घरची सून. डोळे पिवळे झाले म्हणून ती माळ घालायला गेली होती. रक्तात 'बी' निघाली. मोठा मुलगा तीन वर्षांचा, त्याच्याही रक्तात. त्याच्या वेळी बाळंतपण माहेरी झालं होतं आणि लस मिळालीच नव्हती.

गोंदणारणीची गोष्ट मी स्वतः पाहिली. तपासणीसाठी मी तिकडे गेलो होतो. आठवडी बाजारात एक बाई एकाच सुयांच्या जुडीनं सगळ्यांना गोंदत बसली होती. एकीचं रक्त पुसायचं, दुसरीचा हात धरायचा. मी वच्छलाबाईंना म्हणालो, पोलिसांना सांगू. त्यांनी माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. पिशवीतून नव्या सुयांचं पाकीट काढलं, गोंदणारणीसमोर बसल्या आणि मनगट पुढे केलं. "या सुईनं काढ. अन् ते झालं की सुई फेक. पुढच्या बाईले दुसरी." तीन ठिपके काढून घेतले. उठताना म्हणाल्या, "माह्या भावाच्या हातावर मारोती होता. इथंच काढला होता, याच बाजारात. बत्तीस वर्षांचा गेला. पोट एवढं झालं होतं." हातानं पोटाचा आकार दाखवला आणि लगेच कांद्याच्या ढिगाकडे वळल्या. भावाविषयी त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं एवढंच.

लसीविषयी मला जे काही खरं कळलं ते बाईंकडून. आमच्याकडे उन्हाळा असा की सगळ्यांना उष्णतेचीच भीती. शिशीवर एक चौकोन असतो, लस तापली की तो काळा पडतो. आम्ही तेवढाच बघायचो. बाईंनी एकदा भांडारात येऊन मला सांगितलं की काविळीची लस उन्हानं मरते त्याहून लवकर थंडीनं मरते. गोठली की संपली, आणि चौकोन पांढराच्या पांढरा राहतो. म्हणून बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढल्यावर लगेच पेटीत भरायचे नाहीत. बाहेर ठेवायचे, अर्धा-पाऊण तास, आतलं थोडं पाणी होईपर्यंत. बाई पॅक कानाशी नेऊन हलवत आणि त्याला विचारत, "बोलतं काय रे?" आत पाणी खुळखुळलं की म्हणत, "बोलला. आता भरा." मी ते शिकलो. अकरा वर्षं पाळलं. फक्त एकदा नाही.

त्या दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. बेज्जूर नव्या जिल्ह्यात गेलं, आम्ही जुन्यात राहिलो. महिनाभर आधीपासून टेबलं, कपाटं, फायली, माणसं, सगळ्यांची वाटणी चालली होती. बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. "आमच्या आज्याच्या टायमाले निजाम गेला, मंग आंध्र आलं, मंग तेलंगण. आमी जागचे हाललो नाई, सरकारच फिरून राह्यलं," असं म्हणाल्या होत्या. मला मात्र हुकूम होता. लसीची वाटणी सणाच्या आत करून, 'माल सुस्थितीत' असं लिहून दस्तखत द्यायचं. नव्या जिल्ह्याचं भांडार तयार नव्हतं, म्हणून त्यांच्या वाट्याची काही लस थेट दवाखान्यांना पाठवायची ठरली. गाडी एकच. ती सकाळी आली आणि ड्रायव्हर दारातूनच ओरडला, "जल्दी, साब, अभी और तीन जगह जाना है." साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते. मी फ्रीझरमधून पॅक काढले आणि दगडासारखे असतानाच पेट्यांत भरले. वर शिश्या ठेवल्या. ऊन खूप आहे, वाटेत वितळतीलच, असं स्वतःला सांगितलं. कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. त्यांनी आकडा विचारला नाही.

"भाऊ, पॅक बोलू दिले होते ना?"

"हो, बाई."

"पेटीत बर्फाचं दहिवर जमलं हाये."

"लांबचा रस्ता ना. चौकोन बघा, पांढरे आहेत."

फोनमध्ये पेटीचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तुमी म्हणता तं बरं." आणि फोन ठेवला. जेवलात का, ते विचारलं नाही. मला ते तेव्हाच जाणवलं होतं, हे कबूल करतो. तो फोन पुन्हा लावायला मला काहीच लागलं नसतं. पण मी लिहून दिलं होतं. सुस्थितीत नाही म्हटलं असतं तर वाटणीचा कागद अडला असता, मेमो आला असता, आणि नोकरीच्या बावीस वर्षांत मला एकही मेमो नव्हता. मी सर्विस बुकातल्या त्या कोऱ्या पानाला जपलं.

त्यानंतर दोन दिवसांनी शेवंता दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. दसऱ्याच्या दिवसांतली म्हणून नाव दुर्गा. बाईंनी तासाभरात लस टोचली. त्या आठवड्यात आणखी आठ बाळांना टोचली.

लस गोठली होती की नाही हे कळायचा एक उपाय असतो. त्याच खेपेतली एक शिशी मुद्दाम गोठवायची, वितळवायची, मग ती आणि संशयाची शिशी दोन्ही हलवून टेबलावर ठेवायच्या. गोठलेली लस भराभर खाली बसते आणि वर पाणी निवळतं. चांगली लस तशी बसत नाही. बाईंना हे करायचंच होतं, पण त्यांचा फ्रीझर बंद पडलेला. दवाखाना नव्या जिल्ह्याच्या वाट्याला गेला होता आणि फ्रीझर दुरुस्त करणारा मेकॅनिक जुन्या जिल्ह्याच्या. तो यायला परवानगी लागत होती. आठ दिवस वाट पाहून बाई एक शिशी घेऊन कागजनगरला गेल्या आणि कुल्फीवाल्याच्या फ्रीझरमध्ये ती ठेवायला लावली. त्यानं विचारलं, "नर्सम्मा, ये कौनसा फ्लेवर है?" हे त्यांनीच नंतर कुणाला तरी सांगितलं होतं, हसत नव्हे. दवाखान्यात परत येऊन दोन्ही शिश्या हलवून ठेवल्या. दोन्ही सारख्याच, बघता बघता खाली बसल्या.

नव्या जिल्ह्यात दुसरी लस नव्हती. आमच्याकडे मागितली असती तर पत्रव्यवहारात पंधरा दिवस गेले असते. आणि मला फोन करून काय मिळणार हे त्यांना कळलं होतं. त्या प्राणहितेच्या काठावर गेल्या, डोंग्यात बसल्या आणि पलीकडे महाराष्ट्रात उतरल्या. तिथल्या दवाखान्यात त्यांच्या ट्रेनिंगची एक मैत्रीण होती. तिच्याकडून एक शिशी मागून घेतली, पेटी मांडीवर घेऊन नदी परत ओलांडली आणि दोन दिवसांत नऊही बाळांना पुन्हा टोचलं. पण पहिले चोवीस तास केव्हाच गेले होते.

बाईंनी गोठलेल्या लसीचं आणि पुन्हा टोचल्याचं वर कळवलं, तशी चौकशी झाली. नव्या कार्यालयात रंगाचा वास अजून होता. बाईंवर दोन आरोप होते. त्यांच्या हलगर्जीनं दवाखान्यात लस गोठली, आणि परवानगी नसताना दुसऱ्या राज्यातली, नोंद नसलेली लस त्यांनी बाळांना दिली. मला साक्षीला बोलावलं होतं. साहेबांनी तेलुगूत विचारलं, तुमच्याकडून निघताना लस कशी होती?

"बागुंदि, सार," मी म्हणालो. बरी होती. खोटं तेलुगूत बोलायला मला जरा सोपं गेलं, हे मी विसरलेलो नाही.

बाई समोर उभ्या होत्या. माझ्याशी झालेल्या फोनविषयी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. डोंग्याविषयी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सार, नदीच्या तिकडं बी बाळंच जन्मतेत." साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. बाहेर आल्यावर मी जिन्यापाशी घुटमळलो. त्या खांद्यावरची पिशवी सावरत माझ्याजवळून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "जेवले काय?" मी हो म्हणालो. तेही खोटंच होतं.

त्यांची एक पगारवाढ थांबली आणि तबादला झाला नार्नूरकडे. म्हणजे त्या पुन्हा आमच्याच जिल्ह्यात आल्या, पण माझा नंबर त्यांनी सोडला. शिश्यांचा आकडा त्या माझ्या सहायकाला विचारत. वर्षभरानं एकदाच मला फोन आला.

"शेवंताच्या पोरीचं रगत पाह्यलं. 'बी' आली."

मी समोरचं स्टॉक रजिस्टर बंद केलं.

"डॉक्टर म्हनतेत, लस चांगली असली तरी एखाद्याले होतेच. बाकी आठ चांगली हायेत." मग थांबून, "तुमाले सांगावं वाटलं."

डॉक्टर म्हणतात ते खरं आहे. मी त्यानंतर पुष्कळ वाचलं. चांगल्या लसीनंही दुर्गा कदाचित त्यातून सुटली नसती. हा 'कदाचित' मी किती वर्षं चघळला आहे ते मलाच ठाऊक. त्यानं कधी झोप आली नाही.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी. मी माझी साखर तपासायला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. रक्त देण्याच्या रांगेबाहेरच्या बाकावर त्या बसल्या होत्या. निवृत्त झालेल्या, केस पांढरे. शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, कोपरावर कापसाचा बोळा दाबून. त्या दर सहा महिन्यांनी तिला घेऊन येत. आता बायकांना बसचं तिकीट लागत नाही, आणि शेवंताला शहरातल्या खिडक्या कळत नाहीत म्हणून. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, "लिव्हर चांगलं हाये सध्या. गोळ्या नाई लागत. पाहत राहा म्हनले." मग मुलीला सांगितलं, "दुर्गे, जा, तिकडं पाणी पिऊन ये."

मुलगी गेली. मी उभ्या उभ्याच बोललो. "बाई, ते पॅक मी तसेच भरले होते. थांबलो नव्हतो."

"मालूम हाये."

"केव्हापासून?"

"पेटी उघडली तवापासून. शिश्यांची लेबलं ओली होऊन सुटली होती." त्या नळाकडे बघत होत्या. "तरी मी टोचली. तुमचा शब्द घेतला. तेवढं माह्यं हाये, भाऊ."

"तुमचं कसलं? चूक माझी."

"माह्यं मी शेवंताले सांगितलं. त्याच साली. मले शंका होती तरी टोचली, म्हनलं. दोन महिने तिनं मले घरात घेतलं नाई. मंग घेतलं."

"माझं सांगितलंत?"

"तुमचं मी काऊन सांगू?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "शेवंता आली हाये. भाईर, गेटापाशी बसून राह्यली. जा."

मी गेलो. गेटाशी, कडुलिंबाच्या पारावर, एक बाई डबा उघडून बसली होती. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला अडचण पडली नाही. मुलीचा चेहरा तिचाच. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. माझ्या गळ्यात चष्मा, हातात फाइल. ती लगबगीनं उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "साहेब, रिपोट कवा भेटते?"

"चार वाजता," मी म्हणालो.

"बरं साहेब."

एवढंच. मी आणखी क्षणभर उभा राहिलो असेन. तिला वाटलं मला काही हवं आहे. तिनं डब्यातली भाकरी पुढे केली. मी मान हलवली आणि मागे फिरलो. दवाखान्याच्या पायरीवर बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

चार वाजेपर्यंत मी तिथेच कुठेतरी थांबलो, उगाचच. आज सांगेन, आत्ता सांगेन, असं म्हणत. रिपोर्ट मिळाला, त्या तिघी बसस्टॅंडकडे निघाल्या आणि मी वीस पावलं मागे चालत राहिलो. बस लागलेलीच होती. शेवंता पुढच्या दारानं चढली. बाईंनी मुलीला वर उचललं, मग स्वतः दांडी धरून चढल्या, एक पाय, थांबून दुसरा. खिडकीशी बसल्यावर त्यांना मी दिसलो. त्या मुलीच्या कानाशी वाकल्या. काच उघडी होती, म्हणून ऐकू आलं.

"साहेबाले टाटा कर."

दुर्गानं मला पाहिलं आणि हात हलवला, कोपर अजून दुमडलेलं म्हणून नुसती बोटं. पलीकडून शेवंताही वाकून बघायला लागली, कोण साहेब म्हणून. बस निघाली. मी हात वर केला होता.